शेरूला मळ्यावर धाडण्याआधी

‘यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, वय ७१. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला जाताना दारातच पडले. शेरू, आमचा गावठी कुत्रा, तिथेच झोपला होता. मुलगा बंगळूरहून सांगतो, कुत्रा मावसभावाच्या मळ्यावर पाठवा. मलाही ते पटू लागलंय. खरं सांगू? हे माझ्याशी दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत, शेरूशी मात्र गप्पा चालतात. हे लिहितानाही लाज वाटते.’
– एक वाचक, सांगली

ताई, लाज कसली? सहा वर्षं गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला कुत्र्याचा हेवा वाटला तर त्यात वावगं काय? आधी त्याबद्दलच बोलू.

या आजारात आवाज बारीक होतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. मग घरातलं कुणी म्हणतं, “काय? जरा मोठ्यानं बोला ना!” असं दिवसातून चार-पाचदा झालं की माणूस बोलणंच टाकतो. शेरू कधी “काय?” म्हणत नाही. वाक्य अर्ध्यावर अडलं तरी मांडीवर हनुवटी टेकून तसाच बसून राहतो. तुम्हीही करून बघा. टीव्ही बंद करून समोर बसा, काही विचारलंत की मनात दहा आकडे मोजा आणि मधे त्यांचं वाक्य पुरं करू नका. (हे शेवटचं फार अवघड, मला ठाऊक आहे.)

आता पडण्याचं. पहाटे रात्रीच्या गोळीचा असर बहुधा उतरलेला असतो. पार्किन्सन्समध्ये दाराच्या चौकटीत पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, शिवाय अंथरुणातून उठल्याउठल्या रक्तदाब घसरू शकतो. शेरू तिथे नसता तरी ते पडले असते, असं मला राहूनराहून वाटतं. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळचं बीपी बघायला सांगा.

धोका मुळीच नाही असं नाही. साखळी यजमानांच्या हाती देऊ नका. मांजर दिसलं की गावठी कुत्रा हिसका देणारच. फिरवायला तुम्हीच न्या, तेवढीच तुम्हाला मोकळी हवा. शेरूचं पोतं दारापासून लांब टाका, गळ्यात घुंगरू बांधा, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. मला जास्त काळजी वाटते ती थरथरत्या हातातून पडलेल्या गोळीची. शेरूनं ती गट्टम केली तर त्याला अपाय व्हायचा आणि यांचा डोसही चुकायचा. गोळ्यांच्या वेळी तो अंगणात बरा.

बसल्या जागी त्याचे केस विंचरणं मात्र यजमानांकडेच असू द्या. हाक मारणंही. स्पीच थेरपीत मोठ्यानं बोलण्याचाच सराव करून घेतात. “शेरूऽऽ” अशी अंगणापलीकडे पोचणारी हाक दिवसातून दहादा मारली तर तोही सरावच.

एक विचारू? तुमच्या पत्रात मुलाचं मत आहे, तुमचं आहे. शेरूला पाठवण्याबद्दल यजमानांचं काय म्हणणं आहे, ते कुठेच नाही. गोळीचा असर चांगला असेल अशा वेळी त्यांना विचारा. मुलाला फोन त्यानंतर करा.