त्या नऊ हायड्रांचं काय केलंस?

मुली,

अनेक आशीर्वाद. रात्री अडीच वाजता व्हॉट्सॲपवर एवढं मोठं लिहिलंस, त्याला नुसता अंगठा पाठवून भागणार नाही, म्हणून वही घेऊन बसले. पीएचडी सोडून डेटाच्या नोकरीत जावंस की नाही यावर मी बोलणार नाही. तो निर्णय तुझा, आणि तिकडे पगार वेळेवर होतो हे मलाही कळतं. मी अडकले ते हायड्रांवरच्या, गोड्या पाण्यातल्या त्या इवल्या नळीसारख्या जिवांवरच्या, तुझ्या मधल्या एका ओळीवर. ‘४० पैकी ३१ हायड्रांना अंगभर टेंटॅकल्स आली, ९ कोरेच राहिले, ते ९ ग्राफमधून काढले तर चालेल ना?’

नाही चालणार.

अल्स्टरपॉलोन या तुझ्या औषधातून काढलेला हायड्रा मी पाहिला आहे. साध्या पाण्यात दोन-तीन दिवस गेले की धडावर घामोळं उठल्यासारखे बारीक उंचवटे येतात, मग त्यांतून टेंटॅकल्स, एरवी फक्त तोंडाभोवती असणारे ते धागे, फुटतात आणि निवडुंगाचा तुकडा पाण्यात सोडल्यासारखा तो दिसायला लागतो. एरवी पेशीत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन रोज तयार होतं आणि रोजच मोडीत निघतं. पाहुणा येईल म्हणून रोज जास्तीचा स्वयंपाक करायचा आणि रात्री टाकून द्यायचा, अशातलं ते घर. एपीसी, ॲक्सिन, जीएसके-३ ही प्रथिनं म्हणजे टाकणारी मंडळी. विंट हा निरोप्या प्रथिन दारात आला, फ्रिझल्ड आणि एलआरपी या ग्राहींना चिकटला, की स्वयंपाक वाढत नाही, फक्त टाकणं थांबतं. साठलेलं बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं आणि टीसीएफ या प्रथिनाच्या जोडीनं जनुकं चालू करतं. तुझ्या औषधानं जीएसके-३ चे हात बांधले, म्हणून सगळ्या धडाला आपण डोक्याजवळ आहोत असं वाटलं. हे तुला पाठ आहे. मी लिहिते आहे ते हे विचारायला, की त्या नऊ जणांच्या घरी काय झालं? टाकणं थांबलंच नाही, की थांबलं आणि जनुकांनी दाद दिली नाही? त्यांच्या अंगावर पिल्लांच्या कळ्या होत्या का? आर्टेमिया कधी खाल्लं होतं? सगळे एकाच डिशमधले होते का? यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. ‘कोरेच राहिले’ एवढंच.

विंटच्या या विषयाची सुरुवातच अशा न जुळणाऱ्या जिवांपासून झाली, हे तुमच्या पिढीला कुणी सांगतं की नाही कोण जाणे. दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या आर. पी. शर्मांनी फळमाशीतला विंगलेस हा जनुकबदल १९७३ साली एका छोट्या टिपणात नोंदवला, १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रांबरोबर त्यावर सविस्तर निबंध लिहिला. ती जात मोठी खोडकर. बदल तोच, पण काही माश्यांचे दोन्ही पंख गायब, काहींचा एकच, आणि काहींचे दोन्ही शाबूत. तुझ्या हिशेबानं त्या शाबूतवाल्या ग्राफमधून काढायच्या! पुढे १९८२ मध्ये नुसे आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांना उंदराच्या स्तनाच्या गाठींत विषाणू ज्या जनुकाशेजारी जाऊन बसतो ते इंट-१ सापडलं, आणि १९८७ मध्ये कळलं की माशीचं विंगलेस आणि हे इंट एकाच वंशाचं. दोन्ही नावं जोडून विंट झालं.

आता माझं ऐक. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९८६ च्या सुमाराला मीही फळमाश्याच मोजत होते. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर, कापसाचे बोळे, आणि माश्या गुंगवायच्या ईथरच्या वासानं दुपारी चारला धरणारं डोकं. रसायन देऊन नवे बदल शोधायचे होते. एका बाटलीतून तीन आठवड्यांत एकेक पंख नसलेल्या सात माश्या निघाल्या. मी वहीत लिहिलं, ‘पंख तुटला (ब्रश)’. सातही वेळा. बाकीच्या बाटल्यांना माश्या सरकवायचा ब्रश तोच होता, हात तोच होता, आणि पंख जागच्या जागी होते. पंख तुटला तर सांध्याशी खुंट राहतो; मुळात उगवलाच नाही तर खुंट नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा मिनिट लागला असता. मी पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात बुरशी आली आणि तो सगळा गठ्ठा ऑटोक्लेव्हच्या वाफेत गेला.

ते विंगलेस होतं असा माझा दावा नाही. काय होतं ते कळणारच नाही, हेच तर बोचतं. फेलोशिपचे चार महिने उरले होते, घरी आजारपण होतं, आणि गाईडना स्वच्छ तक्ता हवा होता. शिवाय त्या काळी बुरशी रोखणाऱ्या प्रोपिऑनिक ॲसिडची बाटलीसुद्धा अर्ज करून मिळायची, त्यामुळे बुरशीचा दोष पूर्ण माझा नाही. असो. बुरशीचा नसेल, त्या कंसातल्या ‘ब्रश’ शब्दाचा आहे.

तू पुढे लिहितेस, हायड्रात काय ठेवलंय, मला आजारावर काम करायचंय. अगं, एपीसी बिघडलं की मोठ्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप उठतात, तिथेही टाकणारी मंडळीच कामावर आलेली नसतात. आणि विंट सरसकट बंद करावा तर आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं करणाऱ्या मूळपेशी त्याच्यावरच जगतात, हाडंही त्याच्यावरच. म्हणून तर विंट रोखणारी औषधं इतकी वर्षं रेंगाळली. तिथे एकाच औषधाला कुणाची पेशी ऐकते आणि कुणाची नाही, हाच रोजचा प्रश्न असतो. तुझ्याकडे तो नऊच्या आकड्यात, आठ रुपयांच्या डिशमध्ये पडलेला आहे, आणि तू मला विचारतेस खोडू का!

तुझे सर ‘आउटलायर’, म्हणजे बाजूला टाकायचे अपवाद, म्हणाले, तर म्हणू देत. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ग्राफ त्यांना हवा तसा काढून दे, पण खाली ४० लिही आणि ९ लिही. नाही म्हणाले तर मला फोन कर. मी त्यांच्याशी बोलेन, आणि बहुधा बिघडवेन. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

ते नऊ अजून जिवंत आहेत ना? असतील तर आजच वेगळे कर, झाकणावर पेन्सिलीनं एक ते नऊ आकडे घाल आणि उद्या सकाळी खायला घाल. रविवारी येताना लॅपटॉप नको, वही आण. आणि येताना कोपऱ्यावरून पाव किलो शेंगदाणे. इकडच्या दुकानात खवट देतात.

तुझी,
मॅडम