मुलगा सहावीत गेला आणि बापाचा राग सुरू झाला

"स्वभावाले औषध नसते म्हंतात ताई, मंग इथं येऊन काय फायदा?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनाला बसते. कुणाची बायको, कुणाची आई हा प्रश्न विचारतेच. शांत माणूस एकाएकी तापट होतो, पोरावर हात उचलतो आणि मग रात्रभर पस्तावतो. घरचे म्हणतात, बापावर गेला, रक्तातच आहे. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते एका घराच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवरा पस्तिशीचा. दोन एकर स्वतःचं, तीन एकर मक्त्यानं, कापूस आणि तूर. दारूला शिवत नाही. लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता, असं बायको सांगत होती. पण अलीकडे मोठ्या मुलाला त्यानं वारंवार बेदम मारलं होतं. शेवटचं निमित्त अगदी साधं. भाव चढेल म्हणून कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवलेला. शाळेतून आलेली पोरं त्या ढिगावर उड्या मारणारच. मुलगा वरून घसरत खिदळत होता. बापानं बैलाचा कासरा उचलला. धाकटी मुलगीही त्याच ढिगावर होती, तिला बोटही लावलं नाही.

त्या धाकटीपाशी मी अडले. नुसता कर्जाचा आणि भावाचा ताण असता, तर तो तिच्यावरही निघाला असता. हा राग एकाच मुलावर, आणि तोही तो खेळताना, हसताना.

पहिल्या भेटीत मी बालपण उकरत नाही. आधी मुलाची सुरक्षितता. राग चढला की घराबाहेर पडून वावराची वाट धरायची, हे त्याच्याकडून मुलाच्या आजीसमोर कबूल करून घेतलं. डॉक्टरांकडून झोप, रक्तदाब, नैराश्याची लक्षणं तपासून घेतली.

तो मात्र खुर्चीवर बसायचा नाही. सांगेपर्यंत उभा, मान खाली. एकदा म्हणाला, "तुमी मले रागावत काहून नाही? बोला न काही." माणूस जुन्या नात्यातली भीती समोरच्या नव्या माणसावर लादतो. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडच्या परंपरेत याला संक्रमण म्हणतात, आणि माझ्या मते आमच्या कामातली ही सगळ्यात मोलाची खूण. मी विचारलं, असं कुणासमोर उभं राहावं लागायचं?

"मालकासमोर. बाप गेला तवा सालानं लागलो न मी. सहावीत होतो."

"आणि तुमचा मुलगा कितवीत आहे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सहावीत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याचं ओलीत करायला बाप निघाला होता. "बॅटरी धराले चाल म्हणे. मी गेलो नाही. पारावर पोट्ट्यायसंगं खेळत होतो." बापाला साप चावला. सोबत कुणी नव्हतं, सकाळी प्रेतच सापडलं. तेरवीला काका म्हणाले, आता तू घरचा कर्ता, रडायचं नाही. तो रडला नाही.

अशा वेळी लेकरू मनाशी हिशोब मांडतं: मी खेळलो म्हणून बाप गेला. हा हिशोब अबोध मनात, म्हणजे स्वतःलाही न कळणाऱ्या मनात, दडपला जातो, पुसला जात नाही. दटावणारं मन, ज्याला पराहम् म्हणतात, ते अशा मुलाच्या बाबतीत फार कठोर होतं. त्याच्या लेखी खेळणं हाच गुन्हा. १९१४ मध्ये फ्रॉइडनं लिहिलं की दडपलेलं आठवण म्हणून परत येत नाही, ते कृतीतून पुन्हा पुन्हा घडतं. आणि १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ जोसेफिन हिलगार्ड यांनी दाखवलं की आईबाप ज्या वयात पोरके झाले, त्या वयाला त्यांचं मूल पोचलं की जुना घाव उघडू शकतो. शिवाय इथे एक हेवाही होता. मला जे मिळालं नाही ते याला मिळतंय, हा हेवा बाप स्वतःशीही कबूल करू शकत नाही. तो राग होऊन निघतो. याने मारणं क्षम्य ठरत नाही, पण कुठे काम करायचं ते कळतं.

काम म्हणजे त्या रात्रीबद्दल पुन्हा पुन्हा बोलणं. "तुमची काही चूक नव्हती" हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. ते बाहेरून दिलं की कानावरून जातं. एका भेटीत तोच म्हणाला, "अकरा वर्साचं पोट्टं काय करणार होतं ताई?" आणि रडला, बापासाठी पहिल्यांदा.

राग गेला असं नाही, कमी झाला. वेचणीच्या दिवसांत एकदा हात उठला होता, पण तो वावरात निघून गेला. मुलाला मी वेगळं भेटले, कारण त्यानंही हिशोब मांडला होता: आपण हसलो की बाबा मारतात. तो घरात हसायचाच बंद झाला होता. ते वडिलांनीच दुरुस्त करायला हवं होतं. त्यांनी मुलाला समोर बसवून आजोबांची गोष्ट सांगितली, आणि मारलं ते चुकलं, असंही सांगितलं.

प्रत्येक रागामागे बालपणच असतं असं नाही. दुबार पेरणी करावी लागलेल्या माणसाच्या चिडचिडीला अबोध मनाचा शोध नको, मदत हवी. पण राग एकाच मुलावर निघत असेल, तर त्याचं वय बघा आणि त्या वयात त्या बापावर किंवा आईवर काय ओढवलं होतं ते विचारा. बोलायला जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. लेकराला मार बसत असेल तर मात्र वाट न बघता मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ ला फोन करा.