सायकल-सल्ला: जुन्या पोलादी फ्रेमवर काम करून घेताना

प्रश्न : काकांची विलायती सायकल आहे. नळ्यांवर रेनॉल्ड्स ५३१ चा (पोलादाच्या प्रकाराचा) बिल्ला, मागे सहा गिअर, २७ इंची चाके. सिमरोलच्या घाटातून ओंकारेश्वरला जाता येईल अशी ती करून घ्यायची आहे. ७०० सी चाके, आठ गिअर, डिस्क ब्रेक, बाटली आणि कॅरिअर, एवढे फ्रेम बनवणाऱ्या कारागिराकडून होईल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : होईल, पण यातल्या निम्म्या गोष्टींना ज्योत लावून टाका घालायची गरजच नाही.

आधी चाके. २७ इंची रिमचा टायर बसतो तो व्यास ६३० मिमी, ७०० सी चा ६२२. म्हणजे ब्रेकची गुटखी फक्त ४ मिमी खाली न्यायची. ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून नव्या रिमच्या पट्टीच्या मध्यापर्यंत पुढे-मागे दोन्हीकडे मोजा. माप ४७ ते ५७ किंवा ५५ ते ७३ मिमीमध्ये बसले, तर त्या पल्ल्याचे कॅलिपर (रिम दाबणारे ब्रेक) तयार मिळतात.

डिस्कचा विचार मात्र सोडा. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) डाव्या पायावर खालच्या टोकाशी येतो, आणि रिम ब्रेकसाठी घडवलेला बारीक पाय त्यासाठी नसतो. डिस्क ब्रेक बसवायचा कान डकवून देणारा कोणीही भेटेल. चिमटा वाकतो तो उतारावर.

आठ गिअरच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) मागे १३० मिमी जागा लागते. तुमची १२६ असणार, तरी मोजा. हे रुंदीकरण थंडच करतात, तापवून नाही. ५३१ ते सहन करते. ७५३ चा (रेनॉल्ड्सच्याच दुसऱ्या पोलादाचा) बिल्ला असता तर नको म्हटले असते. फ्रेमच्या मागच्या, चाक धरणाऱ्या दोन्ही बाजू २-२ मिमी सरकायला हव्यात. मधे आटे पाडलेला रॉड घालून नट फिरवत दोन्ही एकदम ताणल्या, की जी नळी नरम ती जास्त सरकते आणि चाक एका अंगाला जाते. म्हणून एकेक बाजू लाकडी दांड्याने थोडी थोडी ओढायची. नळी परत येते, त्यामुळे जरा पुढे न्यावी लागते. दर वेळी दोरा लावायचा : उजव्या ड्रॉपआउटपासून (अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून डाव्यापर्यंत. सीट ट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोऱ्याचे अंतर दोन्हीकडे सारखे आले पाहिजे. शेवटी ड्रॉपआउट गेज लावून समांतर करून घ्या, नाहीतर अ‍ॅक्सल वाकतो. डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) टांगतो तो कानही तपासायचा राहतो, हमखास राहतो. आणि नुसते आठ गिअर घाट चढवत नाहीत. कॅसेटचे (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे) मोठे चक्र ३२ दात्यांचे आणि डिरेलर लांब हाताचा घ्या.

बाटली-कॅरिअरसाठी मात्र टाके लागतील. बाटलीचे दोन एम ५ बॉस (५ मिमी स्क्रूसाठी नळीत बसवायचे आट्यांचे तुकडे), ६४ मिमी अंतरावर. ५३१ ची नळी मधे जेमतेम अर्धा-पाऊण मिमी जाड असते, तिथे आर्क वेल्डिंग भोकच पाडेल. सांवेर रोडच्या फॅब्रिकेशनवाल्याला फ्रेम देण्याआधी गॅसवर चांदीचा टाका घालतो का, ते विचारा. चांदीचा टाका साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळतो, पितळेचा नऊशेच्या. बारीक कामाला चांदीच बरी. टाक्याभोवती रंग चांगला दोन इंच खरवडायचा, क्रोम असेल तर तोही पूर्ण घासून काढायचा, कारण त्यावर टाका धरत नाही आणि धूर विषारी असतो. फ्लक्स (टाका धरावा म्हणून लावलेली पेस्ट) गरम पाण्याने धुवा. राहिला तर रंगाखाली गंज सुरू होतो. पावडर कोटिंगला देताना तळाच्या ब्रॅकेटचे (पायडलचा अ‍ॅक्सल बसतो त्या नळीचे) आटे झाकायला सांगा. रंगानंतर आतून उकळलेले जवसाचे तेल फिरवून घ्या.

प्रश्न : दांडीच्या सायकलची वरची नळी कापून ती आईसाठी लेडीज करता येईल का?
— एक वाचक, महू

उत्तर : कापू नका. वरची नळी गेली की पुढचा त्रिकोण मोडतो आणि सगळा भार खालच्या एका नळीवर, तिच्या हेड ट्यूबच्या जोडावर येतो. नीट करायचे तर दुसरी नळी तिरकी, खाली आणून दोन्ही टोकांना नव्याने जोडावी लागेल. त्या मजुरीत जुनी लेडीज फ्रेम येते.