या वयात आता कसला छंद?

"रिकामा वेळ खायला उठतो हो ताई." मी समुपदेशक आहे. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलंय, की सुरुवात ऐकूनच पुढचं मला कळतं. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं पुण्याला गेल्यामुळे घर सुनं झालेलं असतं, तर कुणी नीटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत असतं. आवडीचं काहीतरी का करत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: छंदाला पैसा लागतो, आणि आता शिकून करायचं तरी काय?

लातूरला बसून मी हे रोज ऐकते, म्हणून आज एका काकांबद्दल लिहिते आहे. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

काका एसटीचे चालक होते. निवृत्तीनंतर काही महिन्यांनी काकूच त्यांना घेऊन आल्या. "दिवसभर मोबाईल, नाहीतर माझ्या मागं मागं. फोडणीत मोहरी किती टाकायची तेबी आता हेच सांगायलेत." काका मान खाली घालून ऐकत होते. झोप, जेवण ठीक होतं, डॉक्टरांकडच्या तपासण्याही झाल्या होत्या. फक्त दिवेलागणीची वेळ झाली की जीव घाबरा व्हायचा.

"छंद-बिंद पैसेवाल्यांचं काम हाय ताई," ते म्हणाले. "आमी गाडी चालवली. दुसरं काय येत नाई."

अशा वेळी छंदांची यादी हातात देणं मला पटत नाही. चित्रकला, बागकाम, वाचन असं एकेक नाव घ्या, माणूस एकेकावर फुली मारत जातो. मी दुसरंच विचारते: वेळ कसा गेला ते कळलंच नाही, असं शेवटचं कधी झालं होतं?

काका बराच वेळ गप्प होते. मी विषय बदलला. "मुक्कामी गाडी असायची तेव्हा झोपायचे कुठे?"

"टपावर. उन्हाळ्यात गाडीत उकडायचं. कंडक्टर घोरायला लागला की मी वर बघत पडायचो. आमची आजी दाखवायची ना, म्हातारीचं खाटलं अन् ते चोरायला आलेले तीन चोर. ते बघायचो." आणि त्यांनी हात वर करून माझ्या कॅबिनच्या छतावर सप्तर्षींचे सात तारे बोटाने मांडून दाखवले, चौकोन आधी, मग शेपटीसारखे तिघे. त्या बोटाला कसलीही शंका नव्हती. "दुसरं काय येत नाई" म्हणणाऱ्या माणसाला आकाशाचा एक तुकडा तोंडपाठ होता. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते.

मी सांगितलं, "रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास गच्चीवर. फोन खाली ठेवायचा. आल्यावर वहीत एक ओळ लिहायची."

"मन झालं तर जाईन."

"मन होवो न होवो, जायचं."

इथे माझी श्रद्धा कुठे आहे ते सांगून टाकते. मन लागलं की करीन, असं आपण म्हणतो. मी मात्र रोज उलटं घडताना पाहते. आधी हातपाय हलतात, मन मागून येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं: आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून कमी झाल्या की माणूस खचतो, म्हणून सुरुवात कृतीपासून करावी. माझ्या कामाचा पाया तोच आहे.

फोन खाली ठेवायला सांगण्यामागे आणखी एक कारण होतं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच स्क्रीन उघडली की सगळं पहिल्यापासून. मोबाईल सोडा म्हणून बायको, मुलगा, सून सगळे सांगून थकले होते. ताऱ्यांपायी काकांनी तो आपणहून सोडला.

पहिल्या पानांवर फारसं काही नव्हतं. "आभाळ आलेलं." "खाटलं दिसलं नाही." "थंडी." हिवाळा लागला होता आणि त्या दिवसांत सप्तर्षी मध्यरात्रीनंतर वर येतात, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या भेटीला मी फक्त मुठीचं माप शिकवलं. हात पूर्ण लांब केला की मूठ साधारण दहा अंश भरते. आपल्याकडे ध्रुव उत्तरेच्या क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर, म्हणजे मुठीवर मूठ ठेवून दोन मुठींच्या जरा खाली. पैसा न लागणारं हे साधन त्यांना फार आवडलं.

आणि मग एकदा ते आत आले ते बसायच्या आधीच विचारत. "ताई, मृग तर जूनमधी निघतो. पेरणी त्याच्यावरच करतो आपण. मग आता हिवाळ्यात मृग रातभर वर कामून दिसायलाय?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी दिलं नाही. "तालुक्याच्या वाचनालयात बघा. घरच्या पंचांगातही बघा," एवढंच म्हटलं.

पुढच्या भेटीत त्यांनी टेबलावर पेपरवेट ठेवला, तो सूर्य. पेनाचं टोपण म्हणजे पृथ्वी. पेपरवेटच्या पलीकडे माझी डायरी, ती मृग. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे आपल्याकडून बघताना मृग सूर्याच्या मागे जातो आणि त्याच्या उजेडात बुडतो. पाऊस ज्याच्या नावाने येतो, तो मृग तेव्हा दिसतच नाही. टोपण फिरवून पेपरवेटच्या दुसऱ्या बाजूला आणलं की डिसेंबर, आणि मृग रात्रभर समोर. "जल्मभर मृग मृग केलं," काका म्हणाले, "पण तो त्या दिवसांत असतो कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं." त्याच बैठकीत रोहिणीही निघाली. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षं लागतात, म्हणजे आपल्या जन्माच्या आधी निघालेला उजेड आपण बघतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दिवेलागणीची भीती त्या दिवशी बोलण्यात आलीच नाही. मीही काढली नाही.

त्या दिवशी मला जे उमगलं त्यावर मी आजही काम करते. वेळ घालवणं आणि छंद यांत फरक प्रश्नाचा आहे. तासभर रील्स बघून उठलेल्या माणसाला उद्यासाठी काही विचारायचं उरत नाही. ज्याला छंद लागला, तो स्वतःचा प्रश्न घेऊन येतो. म्हणून मी उत्तर देत नाही.

हेच इतरांतही दिसलं. एका ताईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली, खर्च सुई-दोऱ्याचा. थोड्याच दिवसांत त्या सासूबाईंना विचारू लागल्या, की तुमचा टाका इतका बारीक येतो कसा? वर्षानुवर्षं ज्या दोघींत कामापुरतंच बोलणं होतं, तिथे हे घडलं. निकालाची वाट बघणारा एक मुलगा मोडी शिकला. वही, पेन आणि वाचनालयातलं पुस्तक. आधी शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता त्याखाली लिहीत जायचं, यात त्याची धडधड थांबायची. घरातल्या पेटीतला पणजोबांचा कागद वाचायचा हे त्याचं त्यानेच ठरवलं.

सुरुवात करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. आणली की हौस भागते, आणि वस्तू कपाटात जाते. वेळ ठरवा, तोही थोडा. आणि "यातून मिळतं काय?" असं घरातल्या कुणी विचारलं तर वाद घालू नका. शिवलेली गोधडी लगेच विकायला काढू नका, केलेलं लगेच स्टेटसला टाकू नका. नवा छंद लोकांच्या नजरेत आला की लवकर सुकतो. घरच्यांनाही सांगते, कौतुक बेताने करा.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर छंदावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

काकांच्या भेटी आता थांबल्या आहेत. शेवटच्या वेळी काकूही आल्या होत्या. फोडणी पुन्हा त्यांच्या ताब्यात आली होती. पुण्याचा मुलगा दुर्बीण पाठवतो म्हणत होता, घ्यावी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घ्यायचीच तर मोठी नको, ७ बाय ५० ची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, साधी द्विनेत्री घ्या. कृत्तिकांचा पुंजका त्यातून फार सुरेख दिसतो. काकांनी वही मिटली. "थांबा जरा. आधी उन्हाळ्याचं आभाळ डोळ्यानं बघून होऊ द्या. खाटलं वर यायलंय आता."