चार पुंकेसर की सहा?

प्रश्न : यंदा वसंतात दोन महिने इंग्लंडमध्ये लेकीकडे होतो. तिच्या कुंड्यांत इवल्या पांढऱ्या फुलांचे एक तण सारखे उगवत असे. शेजाऱ्यांनी त्याचे नाव ‘हेअरी बिटरक्रेस’ असे सांगितले, पण ओढ्याकाठच्या अगदी तशाच रोपाला ते ‘वेव्ही बिटरक्रेस’ म्हणाले. या दोन वनस्पती खरोखर वेगळ्या आहेत का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : वेगळ्या आहेत, मात्र नावांवर विसंबलात तर फसाल. हेअरी, म्हणजे कार्डामाइन हिर्सुटा, नावाने केसाळ असली तरी तिचे खोड जवळजवळ गुळगुळीत असते आणि लव असते ती पानांवर. उलट वेव्हीच्या, म्हणजे कार्डामाइन फ्लेक्सुओसाच्या, नागमोडी खोडावरच चांगली लव आढळते.

खरी खूण फुलात आहे. मोहरीच्या कुळात चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब व दोन आखूड, असा शिरस्ता असतो. गॅलरीतल्या कुंडीत चिमूटभर मोहरी पेरून ती फुलू दिलीत, तर तुम्हाला तो मुलुंडमध्येही पाहता येईल. फ्लेक्सुओसा हा शिरस्ता पाळते, तर हिर्सुटाच्या फुलात बाजूचे दोन आखूड पुंकेसर बहुधा नसतातच. एखाद्या फुलात पाच किंवा सहाही भरतात, म्हणून भिंगाखाली आठ-दहा फुले तपासल्याशिवाय निकाल देऊ नये. शिवाय हिर्सुटाच्या शेंगा, आपल्या डिंगऱ्यांहून कितीतरी बारीक, ताठ उभ्या राहून शेंड्याच्या फुलांच्याही वर जातात. फ्लेक्सुओसात त्या इतक्या वर जात नाहीत.

दोघींतला सारखेपणा नात्यातूनच आला आहे. हिर्सुटा आणि कार्डामाइन अमारा यांच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन, फ्लेक्सुओसा निर्माण झाली. हिर्सुटाची गुणसूत्रे १६, तर हिची ३२. आशियातल्या शेतांत आणि कुंड्यांत आढळणाऱ्या ज्या तणाला वर्षानुवर्षे फ्लेक्सुओसा म्हटले गेले, ती मात्र ६४ गुणसूत्रांची कार्डामाइन ऑकल्टा ही वेगळीच जात आहे, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

लेकीला मात्र एवढेच कळवा की, रोप कोणतेही असो, शेंगा भरण्यापूर्वीच उपटावे. पिकलेल्या शेंगेला नुसते बोट लागले तरी ती तेरड्याच्या बोंडासारखी फुटते आणि बिया शेजारच्या कुंड्यांत जाऊन पडतात.