प्रेमकथा लिहिणाऱ्यांना सुचतं कुठून? त्यासाठी स्वतः प्रेमात पडलेलं असावं लागतं का? आणि रोज लिहायचा मूड लागतो का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हा प्रश्न लेखकांना फारसा कोणी विचारत नाही. लेखिकेला मात्र मुंजीच्या पंगतीतसुद्धा विचारतात, तेही जिलबी वाढता वाढता. असो.

सुचतं ते अडचणीतून. 'दोघं एकमेकांना आवडतात' ही गोष्ट पहिल्या वीस पानांत उरकते. पुढची एकशेचाळीस पानं त्यांना एकत्र येऊ न देणारं जे काही असेल त्याच्या जिवावर चालतात. ते खरं असलं की प्रसंग मागावे लागत नाहीत. ते लटकं असलं तर समुद्र, पाऊस, रातराणी हवी तेवढी ओता, साठाव्या पानावर कादंबरी बसतेच.

संपादकांचं आवडतं औषध म्हणजे गैरसमज. तिने त्याला कुणाबरोबर तरी हॉटेलात पाहिलं आणि ती त्याची मामेबहीण निघाली. पत्रं चुकायची आणि ट्रंककॉल लागायचा नाही तेव्हा यावर पाच प्रकरणं निघायची. आता एका फोनवर मिटतं आणि वाचक नायिकेला मूर्ख ठरवतो. माझी कसोटी सोपी आहे: दोघांना रिक्षात वीस मिनिटं शेजारी बसवा. बोलून सुटलं तर ती अडचण नव्हे. त्याच्या पगारातून बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज फिटायला चार वर्षं आहेत, तिची बदली झाली आहे आणि तिची आई एकटी राहू शकत नाही, हे रिक्षा नागपूरपर्यंत नेली तरी सुटत नाही.

एक उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण त्यावरून एका संपादकांशी झालेला वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. हस्तलिखितातला काळ २०२३ चा. चौदावं प्रकरण कोजागिरीचं: गच्ची, आटवलेलं दूध, केशर, चारोळी, आणि बाकीचे झोपायला गेल्यावर मागे राहिलेले ते दोघं. कालनिर्णय उघडलं. कोजागिरी २८ ऑक्टोबरला, शनिवारी, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. स्पर्श १ वाजून ५ मिनिटांनी, मोक्ष २ वाजून २४ मिनिटांनी. वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा काही न खाण्यापिण्याचा काळ, दुपारपासूनच. आणि घरात सगळे वेध कडक पाळणारी आजी, जी तिसऱ्या प्रकरणातच तशी उभी केलेली. ती मध्यरात्री कुणाच्या हातात दुधाचा पेला देणार?

संपादक म्हणाले, "कोण बघतंय पंचांग? वर्ष काढून टाका." वर्ष काढता येत नव्हतं. सहाव्या प्रकरणात धाकट्या जावयाला अधिक श्रावणाचं वाण दिलेलं होतं, तेहतीस अनारशांचं. अधिक श्रावण दरवर्षी येत नाही, तो आला की जाणकार वाचक वर्ष बरोबर काढतो. बरं, २०२२ केलं असतं तर वाण गेलं असतं, गणपती १९ सप्टेंबरचे ३१ ऑगस्टला आले असते आणि बदलीच्या ऑर्डरपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत मोजून लावलेले आठवडे कोसळले असते. एक वीट काढली की भिंत येते ती अशी.

म्हणून ग्रहण ठेवलं, आणि प्रकरण तिथेच जमलं. आधीच्या खर्ड्यात दोघांना गच्चीवर एकटं पाडायला नायिका शाल विसरली होती. शाल विसरणं हा प्रकार मी कुणाच्याही हस्तलिखितात दिसला तर खोडते. आता कारण आयतं मिळालं. मोक्षानंतर अंघोळी, मग दूध, म्हणजे अडीच वाजेपर्यंत अख्खं घर जागं. माणसं सात, न्हाणीघर एक. वहिनी गरोदर, त्यामुळे आजीचा सगळा पहारा तिच्या खिडकीवर. आजी माळ ओढता ओढता नायिकेला म्हणते, "सुटलं का बघून ये गं." गच्चीवर तो आहेच, कारण त्याला ग्रहण बघायचंय. चंद्राचा जेमतेम कोपरा खाल्लेला, बाकी लख्ख चांदणं. ती विचारते, "सुटलं का?" तो म्हणतो, "अजून नाही. थांब."

चौदा प्रकरणं तो तिला 'थांबा, बसा, घ्या' करत आलाय. इथे पहिल्यांदा 'थांब'. तिने दुरुस्त केलं नाही. प्रकरण संपलं. मराठीत यापेक्षा मोठी प्रेमाची घटना नाही, आणि ती फुकट घालवणारे लेखक मला कळत नाहीत. दुसऱ्या भेटीत अरेतुरे, मग पुढे उरलं काय?

याचा हिशेब ठेवावा लागतो. वहीत चार रकाने करा: तारीख, तिला काय माहीत, त्याला काय माहीत, वाचकाला काय माहीत. पाचवा रकाना कोण कोणाला काय हाक मारतं याचा. लिहून झाल्यावर संगणकात 'तू' आणि 'तुला' शोधून भागत नाही. चूक सर्वनामात नसते, क्रियापदात लपते: 'आलास' आणि 'आलात', 'बस' आणि 'बसा'. दोघांचेच संवाद वेगळे काढून सलग मोठ्याने वाचा, मगच सापडतं. प्रूफातही डोळ्यांत तेल घालून बघा. वरच्या 'थांब'चं मुद्रितशोधकाने सद्भावनेने 'थांबा' केलं होतं, तिसऱ्या प्रूफात सापडलं. कोल्हापूरकडची नायिका असेल तर आधीच चिठ्ठी जोडा, नाहीतर तिचं 'मी आलो' हटकून 'मी आले' होऊन येतं.

निसर्गाचंही तसंच. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो. रात्री दहाला तो 'नुकताच डोंगराआडून वर आला' असेल तर डोंगर तरी फार उंच हवा किंवा लेखक तरी घरात बसलेला. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे सडा पडतो, त्यामुळे संध्याकाळी ओंजळ भरून ताजी फुलं वेचणारी नायिका परत पाठवा.

मूडबद्दल. एका फॉर्मची, म्हणजे छापून घड्या घातलेल्या एका मोठ्या कागदाची, सोळा पानं. दहा फॉर्मची कादंबरी एकशेसाठ पानांची. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात पानाला अडीचशे-पावणेतीनशे शब्द धरले तर चाळीस-चव्वेचाळीस हजार शब्द. रोज सातशे लिहिले तर साठेक दिवस, आणि नंतर तेवढेच दुरुस्तीला. मजकूर एकशेत्रेसष्टाव्या पानावर संपला तर प्रकाशक तीन पानं कापायला सांगतो, कारण तीन पानांसाठी आणखी कागद घालायला तो तयार नसतो. कापाकापी शेवटच्या प्रकरणात करू नका, वाचक तेवढ्यासाठीच आलेला असतो. मधली प्रवासवर्णनं काढा. रोजचं लिखाण थांबवायचं ते वाक्य अर्धं सोडून. संवादाच्या मध्यात थांबलं की दुसऱ्या दिवशी निदान उत्तर तरी लिहायचं असतं.

हे असं मोजून-मापून लिहिणं म्हणजे कारागिरी, कला नव्हे, असंही ते संपादक म्हणाले होते. ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, मराठीत खपाऊ प्रेमकथा त्यांनी लिहिल्या आणि तंत्रावर १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन'ही लिहिलं. तंत्रावरून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनीच ते पुस्तक चोरून वाचलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

शृंगार किती लिहावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात ती सुटली. म्हणजे कायद्याची भीती तुम्हाला वाटते तेवढी नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर गच्चीचं दार लावल्यानंतरचं लिहिण्यात मला रस नाही, ज्यांना आहे त्यांनी खुशाल लिहावं.

हे सगळं छापील, कौटुंबिक प्रेमकथेबद्दल. अ‍ॅपवर रोज भाग टाकणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. तिथे हजार-बाराशे शब्दांत एक अडकवणारा शेवट लागतो आणि गैरसमजही चालतो, कारण वाचकाला दुसऱ्या दिवशीपर्यंतच थांबायचं असतं. आणि वर्ष न सांगता लिहायचं असेल तर पंचांगाची कटकट नाही, फक्त मग अधिक महिना आणि ग्रहण दोन्ही विसरा. वर्ष ठरवलंत तर त्या वर्षाचं कालनिर्णय आधी मिळवा. रद्दीवाल्याकडे मिळालं तर उत्तमच, कारण मागच्या पानांवर कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलेला असतो: कुठल्या दिवशी एक लिटर, कुठल्या दिवशी दोन, आणि मध्येच चार दिवस 'नको'.