जन्मसाल 65, पण कुठल्या शतकातलं?

प्रश्न : आमच्या जुन्या जावा प्रोग्राममधला तारखा वाचणारा सिंपलडेटफॉरमॅट हा क्लास काढून डेटटाइमफॉरमॅटर घातला. पॅटर्न, म्हणजे तारीख कशी लिहिली आहे ते सांगणारी अक्षरं, तोच ठेवला. कंपाइल झालं, टेस्टही पास झाल्या. पण 14/08/65 ही जन्मतारीख आता 2065 ची दिसते. असं का?

उत्तर : पॅटर्न तोच असला तरी वाचणारा बदललाय ना! दोन आकडी साल दिसलं की सिंपलडेटफॉरमॅट स्वतःच शतक ठरवायचा : तो ऑब्जेक्ट तयार झाला त्या दिवसापासून मागची 80 वर्षं आणि पुढची 20, यात बसेल ते. 2014 साली जावा 8 बरोबर आलेला डेटटाइमफॉरमॅटर त्या भानगडीत पडत नाही. त्याच्या लेखी दोन आकडी साल म्हणजे 2000 ते 2099.

जुना बरोबर होता असंही समजू नका. 14/08/45 ही तारीख तो 2024 मध्ये 1945 ची वाचायचा, तीच 2026 मध्ये 2045 ची. कोड एका अक्षराने न बदलता!

तेव्हा शतक तुम्हीच ठरवा. नवा फॉरमॅटर घडवणाऱ्या डेटटाइमफॉरमॅटरबिल्डरमध्ये अपेंडव्हॅल्यूरिड्यूस्ड ही मेथड आहे, तिला 1930 हे मूळ वर्ष द्या. 30 ते 99 गेल्या शतकात जातील, 00 ते 29 या शतकात. मात्र जन्मतारखेचं मूळ वर्ष मुदत संपण्याच्या तारखेला लावू नका. प्रत्येक कॉलमचं वेगळं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. 31/02/2023 अशी चुकीची तारीख जुना कोड गुपचूप 3 मार्च करायचा. नवा तितक्याच गुपचूप 28 फेब्रुवारी करतो. एरर दोघांकडूनही नाही. ती हवी असेल तर रिझॉल्व्हरस्टाइल (तारीख किती काटेकोर तपासायची ते ठरवणारं सेटिंग) स्ट्रिक्ट करा, आणि पॅटर्नमध्ये चार आकडी सालासाठी चार वायऐवजी चार यू लिहा. वाय राहिला तर स्ट्रिक्टमध्ये इसवी सनपूर्व की नंतर हेही सांगावं लागतं, नाहीतर चांगली तारीखही नाकारली जाते. यात माझा अर्धा दिवस गेलाय.

कॅपिटल वाय तर चुकूनही नको. तो आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो, म्हणजे त्या तारखेचा आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते. माझ्याच कोडने 31 डिसेंबर 2019 च्या बिलांवर 31/12/2020 छापलं होतं, आणि वर्षभर सगळं सुरळीत चालल्यामुळे तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

जुना क्लास लगेच उडवू नका. सगळा जुना डेटा दोन्हींतून वाचून घ्या आणि उत्तरं जुळत नाहीत तेवढ्याच ओळी छापा. ती यादी डेटा भरणाऱ्यांबरोबर बसून तपासा. 65 कुठल्या शतकातलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.